पाणी किती झालं म्हणजे जास्त झालं?

तहानलाडू

"भरपूर पाणी प्या" असं सगळेच सांगतात. भरपूर म्हणजे किती आणि थांबायचं कुठे, हे मात्र कुणी सांगत नाही. दिवसाला आठ ग्लास, उठल्या उठल्या दीड लिटर एका दमात, दर तासाला वाजणारा गजर, चार लिटरच्या खुणा केलेली बाटली, असं सगळं चालू आहे. कमी पडलं तर काय होतं ते ठाऊक आहे. जास्तीचं पाणी नुसतं लघवीवाटे निघून जातं की खरोखर अपाय होतो? माहितगारांनी आकड्यांसकट लिहावं. "शरीराचं ऐका" छापाची उत्तरं नकोत.

नेफ्रॉन

आकडे हवेत तर दोन वेगळे घ्या. एक तासाचा, एक दिवसाचा. गोंधळ होतो तो हे दोन मिसळल्यामुळे.

तासाचा आकडा: निरोगी प्रौढाची मूत्रपिंडं पूर्ण वेगाने चालली तर तासाला साधारण ८०० मिली ते १ लिटर पाणी बाहेर टाकतात. त्याहून वेगाने प्यायलेलं पाणी तेवढा वेळ शरीरातच राहतं.

दिवसाचा आकडा काढायला थोडं गणित आहे. लघवी कितीही पातळ झाली तरी ती शुद्ध पाणी नसते. तिच्या प्रत्येक लिटरबरोबर किमान ५० मिलिऑस्मोल (विरघळलेले कण मोजायचं एकक) विद्राव्य घटक जावेच लागतात. हे घटक येतात अन्नातून: मिठातलं सोडियम, पोटॅशियम आणि प्रथिनांपासून बनणारा युरिया. नीट जेवणाऱ्या माणसात ते रोज ६०० ते ९०० मिलिऑस्मोल असतात. ६०० भागिले ५०, म्हणजे १२ लिटर. ९०० असतील तर १८. म्हणजे कागदावर तरी दिवसाला बारा लिटर बाहेर टाकायची सोय आहे. त्यामुळे सोळा तासांत विभागून चार लिटर पिणाऱ्या धडधाकट माणसाला लघवीच्या फेऱ्यांपलीकडे सहसा त्रास होत नाही. तेच चार लिटर दोन तासांत प्यायले तर जिवावर बेतू शकतं.

आता त्याच भागाकारात कमी खाणारा माणूस घाला. वजन घटवण्यासाठी जेमतेम खाणारे, किंवा बिअरवरच दिवस काढणारे. विद्राव्य घटक २०० वर आले की २०० भागिले ५०, म्हणजे फक्त ४ लिटर. मूत्रपिंड ठणठणीत असूनही. कमी खा आणि भूक मारायला पाणी पीत राहा, हा सल्ला म्हणूनच वाईट आहे.

शंकासुर

पण जास्त पाण्याने किडनी धुऊन निघते, विषारी द्रव्यं बाहेर पडतात, त्याचं काय?

नेफ्रॉन

मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत शोषून घेतात. तुमच्या दोन जादा लिटरांनी त्या कारभारात "धुणं" होत नाही, परत शोषायचं पाणी थोडं कमी होतं इतकंच. जुनाट मूत्रपिंडविकार असलेल्यांना मुद्दाम जास्त पाणी पाजून त्यांची मूत्रपिंडं टिकतात का हेही तपासलं गेलं आहे. कॅनडातल्या अशा चाचणीचा निष्कर्ष २०१८ मध्ये आला. वर्षभरानंतर लक्षणीय फरक दिसला नाही.

चंचुपात्र

नेफ्रॉन यांनी "शरीरातच राहतं" म्हटलं, तिथून पुढचा हिशेब मांडतो. हे ढोबळ गणित आहे, पण अंदाज बरोबर येतो.

रक्तातलं सोडियम नॉर्मल १३५ ते १४५ मिलिमोल प्रति लिटर. आपण १४० धरू. ७० किलोच्या पुरुषाच्या शरीरात साधारण ६० टक्के, म्हणजे ४२ लिटर पाणी असतं. लघवी न होता ३ लिटर जादा साठलं, तर १४० × ४२ ÷ ४५ = सुमारे १३१.

आता ५० किलोची स्त्री घ्या. शरीरातलं पाणी ५० टक्के, म्हणजे २५ लिटर. तेच ३ लिटर साठलं तर १४० × २५ ÷ २८ = १२५.

पाणी तेवढंच आणि वेळही तीच, पण पहिल्याला मळमळ होईल आणि दुसरीला झटके येऊ शकतात. चार लिटरची बाटली सगळ्यांना सारखीच विकतात, हा या प्रकारातला विनोद आहे.

सोडियम घटल्याने अपाय कसा होतो तेही लिहून टाकतो. रक्त पातळ झालं की पाणी पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगतात. स्नायूला फुगायला जागा असते. मेंदू कवटीत बंद, त्याला जागा नाही. एक-दोन दिवसांचा अवधी मिळाला तर मेंदूच्या पेशी आपल्यातले पोटॅशियम आणि काही सेंद्रिय रेणू बाहेर टाकून पुन्हा आकुंचन पावतात. म्हणून आठवड्याभरात हळूहळू १२२ वर आलेला माणूस चालत-बोलत दवाखान्यात येतो, आणि तीन तासांत १२२ झालेला स्ट्रेचरवर येतो. रिपोर्टवरचा आकडा एकच असतो.

शंकासुर

मग पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं की प्रश्न मिटला?

चंचुपात्र

नाही. रक्ताच्या पाण्याएवढं सोडियम एक लिटर पाण्यात आणायला ८ ग्रॅमहून जास्त मीठ लागेल, आणि ते पाणी घशाखाली उतरणार नाही. चिमटीत मावतं अर्धा ग्रॅमच्या आतबाहेर. खेळाडूंसाठीच्या पेयांत लिटरमागे सोडियम साधारण २० मिलिमोल असतं, म्हणजे रक्ताच्या सातव्या हिश्शाएवढं. जलसंजीवनीत ७५. ही सगळी द्रवं सोडियमच्या बाबतीत रक्तापेक्षा पातळच आहेत. बेसुमार प्यायली तर सोडियम खालीच ओढणार, फक्त साध्या पाण्याहून थोड्या हळू.

आणि जुलाब नसताना "जास्त पाणी पितो म्हणून" रोज जलसंजीवनी पिणं हा दुसरा उद्योग. ती जुलाब-उलटीत गेलेलं भरून काढायला बनवली आहे. पाकीट ज्या मापाचं असेल (बहुतेक १ लिटर) तेवढ्याच पाण्यात विरघळवायची. अर्ध्या पाण्यात केली तर लहान मुलात सोडियम धोकादायक वाढतं, दुप्पट पाण्यात केली तर उपयोग जातो.

निर्झर

आठ ग्लासांच्या उगमाबद्दल थोडं. १९४५ साली अमेरिकेच्या अन्न व पोषण मंडळाने प्रौढांना दिवसाला अडीच लिटर पाणी योग्य ठरवलं होतं. ढोबळ माप म्हणजे अन्नाच्या प्रत्येक कॅलरीमागे १ मिली. त्याच परिच्छेदात पुढचं वाक्य होतं की यातला बराचसा भाग तयार अन्नातच असतो. पुढे लोकांनी आकडा उचलला, वाक्य सोडलं. आठ ग्लासांचा नियम इथूनच आला असावा असा तर्क आहे. हाइन्झ व्हाल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने २००२ मध्ये या नियमाचा शास्त्रीय आधार शोधायचा प्रयत्न केला. त्याला तो सापडला नाही.

आजचे आकडे पाहताना तीच काळजी घ्या. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरण (२०१०) स्त्रियांना २ लिटर आणि पुरुषांना अडीच लिटर म्हणतं. अमेरिकेचा आकडा २.७ आणि ३.७ लिटर आहे. दोन्ही एकूण पाण्याचे. यात अन्नातलं पाणी (साधारण पाचवा हिस्सा), दूध, चहा, कॉफी, सूप सगळं मोजलेलं आहे. त्यावर अन्न जळताना शरीरात तयार होणारं पाव लिटरच्या आसपास पाणी फुकट मिळतं. चहा-कॉफीने पाणी उलट कमी होतं ही समजूत नेहमीच्या प्रमाणात खरी नाही, तेही द्रवच धरायचं.

तहानलाडू

"तहान लागते तेव्हा उशीर झालेला असतो" हे मग कुठून आलं?

नेफ्रॉन

रक्ताची घनता जेमतेम १-२ टक्क्यांनी वाढली की तहान लागते. वैद्यकीय अर्थाने शरीर कोरडं पडणं त्याच्या बरंच पुढे आहे. आणि तहानेच्याही आधी एडीएच (व्हॅसोप्रेसिन) हे संप्रेरक स्रवायला लागतं आणि मूत्रपिंडाला सांगतं, पाणी राखून ठेव. पाणी जास्त झालं की ते थांबतं आणि नळ मोकळा सुटतो. तासाला लिटर हा वेग एडीएच पूर्ण बंद असेल तरच मिळतो. माझ्या मते या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच.

कारण एडीएच फक्त पाण्याचं ऐकत नाही. मळमळ, वेदना, शस्त्रक्रियेनंतरचे दिवस, न्यूमोनिया, तासन् तास चालणारा व्यायाम, तीव्र मानसिक ताण, यांत ते पाणी पुरेसं असतानाही सुटत राहतं. अशा वेळी लघवी तासाला १०० मिलीही होत नाही असं घडतं. मग दोन लिटरसुद्धा जास्त. उलटीची भावना असताना "पाणी पी, बरं वाटेल" म्हणून पेल्यावर पेला देणं याच कारणाने चुकीचं आहे. घोट घोट द्या.

संथपाऊल

लांब पल्ल्याची धाव, सायकलिंग, डोंगरातली लांब चाल, इथे हे रोज लागू होतं. १९९० च्या दशकात सल्ला असायचा, जेवढं सोसेल तेवढं प्या. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम घटलेलं निघालं. सगळ्यात ठळक खूण होती शर्यतीत वजन वाढणं. धोका जास्त कुणाला? चार तासांहून जास्त वेळ घेणाऱ्यांना. वेगवान धावपटूला प्यायला सवड नसते. संथ धावणाऱ्याला घाम कमी, वेळ भरपूर आणि पाण्याचं प्रत्येक टेबल दिसतं.

आपला घामाचा वेग मोजून ठेवा. धावण्याआधी लघवी करून कमीत कमी कपड्यांत वजन घ्या. ६० ते ९० मिनिटं नेहमीच्या वेगाने धावा. किती प्यायलात ते मिलीत लिहा. परत आल्यावर घाम टिपून, ओले कपडे काढून पुन्हा वजन करा.

घटलेलं वजन + प्यायलेलं पाणी − मधे झालेली लघवी = घाम.

उदा. ६८.० किलोचे ६७.३ झाले, मधे ५०० मिली प्यायलं, लघवी नाही. ०.७ + ०.५ = १.२ लिटर, दीड तासात. म्हणजे तासाला ८०० मिली. हे पिण्याचं लक्ष्य नाही, ही वरची हद्द. तहानेप्रमाणे याच्या आत राहायचं. शेवटी वजन १-२ टक्के कमी भरलं तर ठीकच. वाढलं असेल तर पाणी जास्त झालं, यात वाद नाही. मोजणी थंडीत आणि उन्हाळ्यात वेगवेगळी करा, वेग दुपटीनेही बदलतो.

शंकासुर

उन्हात अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांचं काय? त्यांना लिटरने मोजून कसं चालेल?

संथपाऊल

त्यांच्यासाठीही वरची मर्यादा आहेच. अमेरिकी लष्कराने जवानांमध्ये पाणी जास्त झाल्याच्या घटनांनंतर १९९८ मध्ये नियम बदलले: तासाला दीड क्वार्ट (सुमारे १.४ लिटर) आणि दिवसाला १२ क्वार्ट (सुमारे ११.४ लिटर) यापुढे नाही. ही मर्यादा कडक उन्हात घामाने निथळणाऱ्यांची आहे, खुर्चीत बसलेल्यांची नव्हे. काम करताना १५-२० मिनिटांनी एक पेला (२००-२५० मिली), आणि जेवण टाळायचं नाही. मीठ जेवणातून परत येतं.

औषधपेटी

औषधांचा मुद्दा राहिलाय.

रक्तदाबाच्या गोळ्यांपैकी थायझाइड गट, म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन आणि त्याच वळणाची इंडापामाइड. या "लघवीच्या गोळ्या" म्हणून ओळखल्या जातात, त्यामुळे लोकांना वाटतं की पाणी जास्त प्यायला हवं. प्रत्यक्षात त्या लघवी पातळ करण्याची मूत्रपिंडाची क्षमताच कमी करतात आणि सोडियमही घालवतात. कॉम्बिनेशन गोळीत दुसऱ्या नावामागे लपलेल्या असतात, पाकिटावरचे बारीक घटक वाचा.

नैराश्यावरची एसएसआरआय गटातली औषधं (सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅम वगैरे), फिटवरची कार्बामाझेपिन आणि ऑक्सकार्बाझेपिन ही एडीएचचा परिणाम वाढवतात. डेस्मोप्रेसिन तर कृत्रिम एडीएचच आहे. रात्रीच्या लघवीसाठी ते घेतलं असेल तर गोळीच्या एक तास आधीपासून पुढचे आठ तास पाणी अगदी कमी.

सगळ्यात वाईट जुळणी: सत्तरीपुढचं वय, थायझाइड, मीठ कमी केलेला अळणी आहार, अर्धवट जेवण आणि शेजारी भरलेला तांब्या. तक्रार असते तोल जाणं, विसराळूपणा, "वयोमानाने गळून गेलेत". गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एकदा सोडियम तपासणं इथे फार उपयोगी पडतं. गोळी आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

सलाईनबाटली

ओळखायचं कसं आणि करायचं काय, ते लिहिते.

पंचाईत अशी की पाणी कमी पडलं तरी डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, आणि जास्त झालं तरी तेच. बघणारा बिचारा आणखी पाणी पाजतो. फरक करायला या खुणा पाहा: तहान नाही, तोंड ओलं, पोट डबडबलेलं, अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा घट्ट झालेला, उलटीत नुसतं पाणी, आणि मागच्या दोन-चार तासांत किती प्यायलं याचा आकडा मोठा. पुढची पायरी म्हणजे असंबद्ध बोलणं, गुंगी, झटके.

नुसती मळमळ-डोकेदुखी असेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर पाणी पूर्ण बंद करा, काहीतरी खारट खायला द्या, लघवी भरपूर व्हायला लागेपर्यंत लक्ष ठेवा. बोलण्यात गडबड, वारंवार उलट्या किंवा झटका आला तर थेट इस्पितळ. कुशीवर झोपवून न्या, तोंडाने काही देऊ नका. "किती लिटर, किती वेळात" हे पहिल्याच वाक्यात सांगा. ते सांगितलं नाही तर उन्हाचा त्रास समजून साधं सलाईन लागण्याची शक्यता असते.

साधं सलाईन ०.९ टक्क्यांचं. एडीएच चढलेलं असेल तर मूत्रपिंड त्यातलं मीठ लघवीत टाकतं आणि पाणी ठेवून घेतं, सोडियम आणखी उतरू शकतं. झटके असतील तर ३ टक्क्यांचं सलाईन, १०० ते १५० मिली, १० ते २० मिनिटांत, गरजेप्रमाणे पुन्हा. सोडियम ४ ते ६ मिलिमोलने वर आलं तरी मेंदूवरचा ताण उतरतो.

नेफ्रॉन

भर घालतो: हे घाईचं प्रकरण काही तासांत झालेल्या घटीसाठी. दोन दिवसांहून जुनी किंवा कधीपासूनची माहीत नसलेली घट भराभर भरून काढली तर मेंदूतल्या चेतातंतूंवरच्या आवरणाला इजा होते. तिथे सोडियम २४ तासांत ८ ते १० मिलिमोलपेक्षा जास्त चढवायचं नाही. चंचुपात्र म्हणाले ते आकुंचन पावलेल्या पेशींचं गणित इथे उलटं अंगावर येतं.

तहानलाडू

पाणी पिऊन लघवी रोखून धरण्याच्या एका रेडिओ स्पर्धेत मृत्यू झाला होता ना? लघवी अडवल्यामुळे?

सलाईनबाटली

हो, कॅलिफोर्नियात, जानेवारी २००७. पण लघवी रोखल्याने मूत्रपिंडाचं काम थांबत नाही, ती मूत्राशयात जमत राहते. घात केला तो थोड्या वेळात प्यायलेल्या पाण्याने. तेव्हा "मी तर जाऊन येतो, मला भीती नाही" हा निष्कर्ष काढू नका.

निर्झर

बाळांबद्दल कुणी लिहिलं नाही. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी अजिबात नाही, उन्हाळ्यातही नाही, दुधातच ते मिळतं. इतक्या लहान मूत्रपिंडाला जादा पाणी चटकन टाकता येत नाही. डब्याचं दूध पुरवून पुरवून वापरण्यासाठी जास्त पाण्यात कालवलं की बाळाला झटके येतात. डब्यातलाच चमचा, सपाट करून, सांगितलेल्या पाण्यात. आधी पाणी मोजा, मग पावडर घाला.

शंकासुर

म्हणजे मुतखडावाल्यांनी पण पाणी कमी करायचं?

नेफ्रॉन

अहो नाही, तिथे उलट! मुतखडा झालेल्यांचं लक्ष्य दिवसाला २ ते २.५ लिटर लघवी, म्हणजे साधारण ३ लिटर द्रव, दिवसभर विभागून. १९९६ च्या इटलीतल्या चाचणीत एवढी लघवी राखणाऱ्यांपैकी १२ टक्क्यांना पाच वर्षांत पुन्हा खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना. वारंवार मूत्रमार्गाचा संसर्ग होणाऱ्या आणि दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या स्त्रियांनाही दीड लिटर वाढवून फायदा झाल्याचं २०१८ मध्ये दिसलं. खडा अडकून कळ उठलेली असताना मात्र लिटरच्या लिटर ढोसू नका. वेदना आणि मळमळ, म्हणजे एडीएच चढलेलं, वर सांगितलंच.

ज्यांना मर्यादा आहे ते वेगळे: डायलिसिसवाले (आदल्या दिवशीची लघवी + ५०० ते ७५० मिली, असा ठोकताळा), सूज असलेले यकृताचे आणि हृदयाचे रुग्ण. त्यांचा आकडा त्यांचे डॉक्टरच ठरवतील, धाग्यावरून घेऊ नये.

तहानलाडू

लघवीच्या रंगावरून ठरवावं का?

चंचुपात्र

फिकट पिवळा चांगला. सकाळची पहिली गडद असणारच. दिवसभर पाण्यासारखी रंगहीन असेल तर गरजेपेक्षा जास्त पिताय. बी-कॉम्प्लेक्सने भडक पिवळी होते आणि रिफाम्पिसिनने नारिंगी, तेव्हा रंग बाद.

रंगापेक्षा मोजणी बरी, विशेषतः तहानच भागत नसेल तर. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या, वेळ लिहा. तिथून पुढची प्रत्येक लघवी मापाच्या भांड्यात, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची सकाळचीही धरून. बेरीज ३ लिटरच्या वर गेली तर रक्तातली साखर, कॅल्शियम, सोडियम आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी (ती किती पातळ किंवा दाट आहे याची तपासणी) करा. लघवी पातळ आणि सोडियम खालच्या टोकाला असेल तर पाणी सवयीने जास्त जातंय. लघवी पातळ पण सोडियम वरच्या टोकाला किंवा त्यापुढे असेल तर एडीएच कमी पडत असेल किंवा मूत्रपिंड त्याला दाद देत नसेल. या दुसऱ्या प्रकारात घरच्या घरी पाणी तोडून बघणं धोक्याचं आहे, सोडियम काही तासांत चढतं.

शंकासुर

आणि सवयीने जास्त पिणाऱ्याने एकदम थांबवलं तर?

चंचुपात्र

दोन-तीन आठवड्यांत उतरवा. रोज ५ लिटर असेल तर दर तीन-चार दिवसांनी अर्धा लिटर कमी. सतत पाणी प्यायल्याने मूत्रपिंडाची लघवी दाट करायची क्षमता तात्पुरती मंदावलेली असते, त्यामुळे पहिले काही दिवस पाणी कमी केलं तरी लघवी लगेच तितकी कमी होत नाही आणि तहान जास्त वाटते. तोंड कोरडं पडतं म्हणून पीत असाल तर गुळणी करून टाका. मोठी बाटली बाजूला ठेवून २०० मिलीचा पेला घ्या, आणि रात्री झोपण्याआधीच्या दोन तासांतलं पाणी सगळ्यात आधी कमी करा.